बाजरीचं वऱ्हाड

परवा भाद्रपदात धाकट्यानं मला गाडीतून नगरला नेलं, डोळे तपासायला. डोळ्यांचं काय व्हायचं ते होईल, पण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाजरी निसवून कणसांवर आलेली होती आणि ती मला चष्म्याशिवायही दिसत होती. एका उंचीची. न्हाव्यानं वरून कात्री फिरवून सारखी केल्यासारखी. एक कणीस खाली नाही, एक वर नाही. शाळेच्या प्रार्थनेला मुलं उभी करावीत तशी शहाणी बाजरी. मला एकदम हसू फुटलं, आणि म्हाताऱ्या माणसाला गाडीत एकट्यानं हसू फुटलं की पुढच्या सीटवरचे लोक घाबरतात. सुनेनं मागं वळून विचारलं, आई, बरं वाटतंय ना? म्हटलं, बरं वाटतंय गं, बाजरी बघते आहे. तिनं खिडकीबाहेर पाहिलं, तिला काहीच विनोदी दिसलं नाही.

तिला कसं दिसणार? तिनं आमची ती बाजरी कुठं पाहिलीय!

भाद्रपदातलं ऊन असं पाठीवर बसलं आणि बाजरीच्या फुलोऱ्याचा तो कोरडा, किंचित गोडसर वास नाकात गेला की मी पुन्हा पारनेरच्या पठारावर जाऊन उभी राहते. मुरमाड रान, गुडघ्याला गुडघा लागेल अशी पाभरीनं पेरलेली चिंचोळी तासं, अंगावर पिवळसर भुकटी, बाह्यांना पानांचे ओरखडे आणि दूर कुणाच्या तरी गोफणीचा फटकारा. त्या रानाच्या मध्ये आमच्या आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याबाईच म्हणतात, मग ती बापाची बहीण असो नाहीतर नसो. गाव त्यांना नानी म्हणायचं.

नानीचं गावात एक वेगळंच वजन होतं. पाटलीणबाईंना दागिन्यांचं वजन, सरपंचांच्या घरच्यांना सरपंचांचं, नानीला बियाचं. आमचं रान काही फार नव्हतं, पण बाजरीचं बी नानीच्याच घरचं, हे पंचक्रोशीला ठाऊक. कणसं भरायला लागली की आत्याबाई जुन्या लुगड्याच्या तांबड्या चिंध्या कमरेला खोचून रानात शिरायच्या. पार शेंड्यापर्यंत भरलेलं कणीस बघायचं, दाणा दाबून बघायचा, ताट हलवून बघायचं, आणि मन भरलं तरच चिंधी बांधायची. बांधाकडेचं ताट कितीही पोसलेलं असलं तरी त्यांना चालायचं नाही. उकिरड्याजवळचं तर नाहीच. फुकटचं खाऊन माजलेलं ते, म्हणायच्या, त्याचा काय भरवसा.

चिंधी बांधली की ते कणीस देवाचं. आमच्या ह्यांनी लहानपणी एकदा असलं एक कणीस भाजून खाल्लं होतं. ही गोष्ट मला आमच्या लग्नाच्या मांडवातच कळली, कारण आत्याबाई तोपर्यंत ती विसरल्या नव्हत्या. अजून चार बायकांना सांगत होत्या.

ती कणसं चुलीच्या वर धुरात टांगायची, मग हातानं चोळायची, राख आणि लिंबाचा पाला घालून मडक्यात भरायची आणि मडक्याचं तोंड शेणमातीनं लिंपून टाकायचं. मृग निघाला की आत्याबाई ते मडकं घेऊन उंबऱ्यात बसायच्या. आणि इथून पुढं फार कडक नियम. बी विकायचं नाही. आणि न मागता कुणाला द्यायचंही नाही. ज्याला हवं त्यानं दारात यायचं, तोंडानं मागायचं आणि बाईनं पदर, बाप्यानं धोतराचा सोगा पसरायचा. न मागता मिळालेलं बी रानात रुसतं, असा समज होता. कोण कशाला आलंय हे ढळढळीत दिसत असलं तरी आत्याबाई विचारायच्या, काय पायजे? आणि समोरचा मोठा माणूस पोरासारखा म्हणायचा, बी द्या नानी. त्यांचा चेहरा त्या वेळी बघण्यासारखा असे. मी लग्नानंतरच्या पहिल्या मृगाला तो पाहिला आणि मनात म्हटलं, बाई, ह्या घरात खरी सत्ता कुठं आहे ते कळलं.

माझं माहेर नगर जिल्ह्यातल्याच कर्जतकडचं. तेही कोरडवाहूच, पण आत्याबाईंच्या लेखी कर्जत म्हणजे परदेश. आमच्या सुपारीच्या जेवणात माझ्या आईनं हौसेनं बाजरीची भाकरी वाढली होती. आत्याबाईंनी ती खाल्ली, दुसरीही घेतली, आणि हात धुता धुता म्हणाल्या, भाकरी बरी हाय, दाना मातुर चिमण्यांचा दिसतो. वरमाय बोलली, विषय संपला. माझी आई हसली आणि काही बोलली नाही. आणि माझी आई काही बोलली नाही की ओळखावं, तिनं ते गाठीला बांधून ठेवलं.

मग दुष्काळ पडला. त्याच्यावर बोलायला लागले तर आजचं हसू राहील बाजूला, म्हणून एवढंच सांगते. सगळं गाव रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं, मीही फोडली. एका सकाळी आत्याबाईंनी बियाच्या मडक्याचं तोंड फोडलं, राख पाखडून काढली आणि जात्यावर बसल्या. एरवी दळताना ओव्या म्हणायच्या. त्या दिवशी नुसता जात्याचा आवाज. बांधाशेजारच्या सोन्याबापूच्या घरात चार लेकरं होती, त्यांच्या वाटचंही पीठ त्यांनी त्यातूनच काढलं. मला फार वाईट वाटलं. चाळीसएक वर्षांचं बी दोन-चार दिवसांत खाऊन संपलं.

पुढच्या साली पाऊस झाला, पण पेरायला बी कुठं होतं? तेव्हा शेतकीचे साहेब गावात आले. कोवळे, नुकतं लग्न झालेले असावेत असे, पांढऱ्या पॅन्टीला चिखल लागू नये म्हणून टाचांवर चालणारे. मारुतीच्या पारावर सगळ्यांना बसवून त्यांनी हायब्रीड बाजरीच्या पिशव्या दाखवल्या आणि पेरायचं कसं ते शिकवायला लागले. आता पारावरचा सगळ्यात लहान बाप्यासुद्धा त्यांच्यापेक्षा जास्त वेळा बाजरी पेरून बसलेला. पण साहेब, आणि बी फुकट नसलं तरी स्वस्त, म्हणून लोक मन लावून ऐकत होते. ओळीत अंतर ठेवा, रोपं दाट झाली तर विरळणी करा, तण वेळेत काढा, कोळपणी करा, अमुक दिवसांनी युरिया द्या.

युरियाचं ठीक होतं. आमचे मामंजी, म्हणजे सासरे, फार काटकसरी माणूस. त्यांनी तो चिमटीनं टाकला, आमटीत मीठ टाकावं तसा, आणि प्रत्येक ताटाकडं चव बघितल्यासारखं बघत पुढं गेले. खरी पंचाईत झाली विरळणीची. जितं रोप उपटून टाकायचं, हे आत्याबाईंच्या पचनी पडेना. साहेबांच्या धाकानं त्यांनी उपटलं खरं, पण उपटलेलं रोप ओच्यात लपवायच्या आणि साहेब बांधापलीकडं गेले की दुसरीकडं नेऊन लावायच्या. परसात बाजरी, उकिरड्यामागं बाजरी, तुळशीवृंदावनाच्या कडेला बाजरी. गणपतीत तुळशीला पाणी घालायचं तर आधी बाजरी बाजूला सारावी लागे.

पण काय पीक आलं म्हणता! बुटकी, एका उंचीची, मनगटाएवढी कणसं, शेंड्यापर्यंत गच्च. दुष्काळात डोळे खोल गेलेली माणसं संध्याकाळी उगीच रानाकडं बघत बसायची. आत्याबाई आधी फटकून होत्या. पाकिटातलं बी म्हणजे दुसऱ्याच्या हातचं जेवण, कसं गोड लागायचं? पण कणसं भरली आणि त्यांचं चित्त ढळलं. एका सकाळी बघते तर बाईसाहेब कमरेला तांबड्या चिंध्या खोचून निघाल्या.

नेमके साहेब त्याच आठवड्यात आले. चिंध्या बघून चमकले. पुन्हा पार, पुन्हा बैठक. त्यांनी हात जोडून सांगितलं की ह्या बाजरीचं बी ठेवू नका, ही दोन वेगळ्या जातींच्या संकराची आहे, पुढच्या पिढीत ती फुटून निघते, एकसारखी येत नाही. दर साली नवं बी घ्या. बिचाऱ्यांनी अक्षर न् अक्षर खरं सांगितलं, पण ते इतकं विचित्र होतं की पारावर हसण्याची लाट आली. बियापासून बी होत नाही? मग ते बी कशाचं? सोन्याबापूनं, जो चेष्टेत कधी मागं नसे, विचारलं, म्हणजे साहेब, तुमच्याकडची गाय एकदाच विते का? कुणी म्हणालं, दर साली पाकिटं खपवायची युक्ती आहे ही. बायकांच्या बाजूनं आत्याबाई उभ्या राहिल्या आणि त्यांनी निकालच दिला.

"चांगल्याच्या पोटी चांगलंच येतं, साहेब. ह्यो माझा पोरगा बगा."

सगळा पार आमच्या ह्यांच्याकडं वळला. हे आपल्या पायाच्या अंगठ्याकडं बघत बसले. साहेबांनी एकदा ह्यांच्याकडं नीट पाहिलं, काही बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. मला अजून वाटतं की त्यांना त्यांच्या मुद्द्याचा पुरावा सापडला होता, पण माणूस सभ्य होता.

तर, बी ठेवलं. असं तसं नाही, आयुष्यात कधी निवडलं नसेल असं निवडलं. राख, पाला, मडकं, शेणमाती. आणि मृगाला आत्याबाई परत उंबऱ्यात बसल्या तेव्हा अर्ध्याहून जास्त गाव दारात. काय पायजे? बी द्या नानी. दुष्काळानंतर पहिल्यांदाच त्यांच्या चेहऱ्यावर ते तेज आलं होतं. पसा पसा भरून देत होत्या, आणि आपण गावाला काय देतो आहोत याची त्यांना काय कल्पना.

पेरणी झकास. उगवण झकास. खुरपताना बायका म्हणत होत्या, नानीचा हात तो नानीचा हात. महिनाभर सगळं सुरळीत होतं. मग बाजरी वाढायला लागली, पण प्रत्येक ताट आपापल्या मतानं.

गौरी आल्या तेव्हा मी रानात गेले आणि बांधावर उभीच राहिले. एक ताट माझ्या डोक्याच्या वर हातभर, त्याच्या शेजारचं गुडघ्याला. एकाचं कणीस वाळून पाखरं खाऊन गेलेली, त्याच्या पायाशी दुसरं अजून पानांच्या पोटरीत, बाहेर यायचंच. एक कणीस बोटासारखं बारीक, एक लाटण्यासारखं. एकाला मिशा, एक तुळतुळीत. आणि मध्ये मध्ये गोसावी: म्हणजे तो बाजरीचा रोग, त्यात कणसाला दाणे भरायच्या जागी हिरव्या पानांच्या जटा फुटतात. ते जटाधारी तर पाच-सहा ठिकाणी ध्यान लावून बसलेले. वारा आला की सगळे मिळून हलायचे, पण एका वेळी नाही. उंच आधी, मधले मग, बुटक्यांपर्यंत वारा पोचायचाच नाही.

मी पदर तोंडात कोंबला. हसणं बरं दिसलं नसतं, कारण मामंजी शेजारी उभे होते. ते बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पेरलं तर आपनच हुतं ना?" आणि खात्री करून घ्यायला बांध मोजत गेले.

तेवढ्यात पलीकडून सोन्याबापू आला. त्याच्याही रानात हेच. आत्याबाई मागून येत होत्या हे त्याला दिसलं नाही, की दिसलं म्हणूनच बोलला, देव जाणे. "नानी, तुमचं वऱ्हाड उतरलंय माज्या रानात. उंच मामा आलेत, बुटकी मावशी आलीया, कडंवरची पोरं हायेत, चार गोसावी बी आलेत. मानपान कुनाकुनाचा करू?"

गावभर ते वाक्य दुपारपर्यंत पोचलं. ज्याच्या त्याच्या रानात वऱ्हाड. देवळात, चावडीवर, पाणवठ्यावर एकच विषय, तुमच्याकडं किती उंच मामा? कुणी रागावलं असतं तर आत्याबाईंनी दोन हात केले असते; भांडणाला त्या कधी भ्यायल्या नाहीत. पण लोक हसत होते, आणि हसणाऱ्याशी भांडायचं कसं हे त्यांना येत नव्हतं.

खुडणी म्हणजे तर कसरत. उंच ताट वाकवा, बुटक्यासाठी बसा, पुन्हा उठा. संध्याकाळी बायका कमरेवर हात ठेवून, काय बाई नानीची बाजरी, म्हणत घरी जायच्या. सगळं एकदम पिकेना म्हणून तीनदा खुडावं लागलं, त्यामुळं चिमण्यांच्या तीन पंगती उठल्या. खाण्यापुरतं सगळ्यांना झालं, उपाशी कुणी राहिलं नाही. मळणी झाली, सुपानं वाऱ्यावर उपणलं तर दाणाही सतरा जातींचा, एक हिरवट, एक करडा, एक मोठा, एक कणी.

आत्याबाई पाणवठ्याला मागच्या आळीनं जायला लागल्या. समोरची वाट सोडली. देवळात गर्दी ओसरल्यावर जायच्या. खुडणीच्या आधी सवयीनं चिंध्या खोचून रानात गेल्या होत्या. मी लांबून बघत होते. एका ताटापाशी थांबल्या, दाणा दाबला, पुढं गेल्या. दुसऱ्यापाशी थांबल्या. सगळं रान फिरून आल्या तेव्हा सगळ्या चिंध्या जशाच्या तशा कमरेला होत्या. ओसरीवर बसून त्यांनी एकेक काढली आणि गुंडाळून ठेवली. मी पाणी दिलं. पाणी हातात धरून म्हणाल्या, "मिरगाला दारात कुनी आलं तर काय दावू गं त्याला? आन कुनी आलंच न्हाई तर?"

ह्या बाईनं मला भाकरीच्या काठावरून, केसांच्या तेलावरून, माहेरच्या दाण्यावरून बोलायचं काही बाकी ठेवलं नव्हतं. तरी मी त्यांच्याजवळ खाली बसले. म्हटलं, आत्याबाई, माझ्या आईकडं जुनी बाजरी आहे, गावरान. मी दिवाळीला जाईन तेव्हा घेऊन येते.

त्या एकदम सावध झाल्या. म्हणाल्या, तू आणशील तो माहेरचा वानवळा झाला. वानवळा खायचा असतो, पेरायचा नसतो. बी ज्याला पाहिजे त्यानंच मागायला हवं. आणि मग, मी न विचारताच: "त्या चिमण्यांच्या दान्यापायी मी वरमाय हून इहिनीपुढं पदर पसरू व्हय?" मी म्हटलं, नका पसरू. त्यानंतर घरात हा विषय निघाला नाही.

दिवाळीला माझी निघायची वेळ झाली आणि आत्याबाईंना अचानक माझी काळजी वाटायला लागली. एकटी कशी जाशील, नगरला गाडी बदलायची, दिवस वाईट. लग्नाला तीन वर्षं झाली होती, दर साली मी एकटीच जात होते. मामंजींनी बिडी पेटवली आणि छपराकडं बघितलं. आत्याबाईंनी ठेवणीतलं इरकल काढलं, विहिणीसाठी हुलगे आणि एक लाल भोपळा बांधून घेतला आणि आम्ही एसटीत बसलो. भोपळा मांडीवर, सगळ्या वाटेनं. वाटेत एकदाही खळ्यांवरच्या बाजरीकडं बघितलं नाही.

माहेरी पोचलो तर आईनं पायावर पाणी घातलं, ओवाळलं, घोंगडं टाकून विहिणीला बसवलं. बसवलं कुठं, तर मधल्या खणात, जिथं आढ्याला बियाच्या कणसांच्या जुड्या टांगलेल्या होत्या. बरोबर त्याच्याखाली. माझी आई मुद्दाम असं काही करत नसे. ती सगळं सहज करायची, आणि नेमकं करायची. वडील हुशार, त्यांनी दोन्ही बायकांकडं एकदा पाहिलं आणि रानात काम काढलं.

आता दोन-तीन दिवस जे चाललं ते मी जन्मात विसरणार नाही. आत्याबाई मागेनात आणि आई देईना. हुलगे, खोकला, गाईचं दूध, कुणाची सून पळाली, कुणाचा दीर वेगळा निघाला, सगळ्यांवर बोलणं झालं. मध्येच आत्याबाई म्हणायच्या, पाऊस बरा झाला म्हणायचा. आई म्हणायची, बरा झाला. मग शांतता. दाणा भरला असेल. भरला. शांतता. वरून एखादं कुसळ सुटून आत्याबाईंच्या केसांवर पडायचं, त्या ते उचलून हळूच बघायच्या आणि पदराला लावायच्या. मी चुलीपुढं बसून कान इकडं ठेवल्यामुळं रोज एक भाकरी करपत होती. करपलेली असूनही आत्याबाई म्हणाल्या, भाकरी गोड हाय. तो दाणा कुठल्या पाखराचा, हे कुणी काढलं नाही.

शेवटी मी आईला गोठ्यात गाठलं. म्हटलं, अगं देऊन टाक ना, कशाला छळतेस? त्या सुपारीच्या जेवणातलं अजून धरून बसलीस होय? आई शेणाचा हात तसाच धरून उभी राहिली.

"म्या काय धरून बसले न्हाई," ती म्हणाली. "न मागता दिलं आन उगवलं न्हाई तर परत नाव तिचंच जाईल. आन मागितलं तर ती माज्यापुढं लहान व्हती. ती लहान व्हावी आसं मला वाटत न्हाई गं."

मग तिनं खालच्या आवाजात जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. दुष्काळात तिनं तिचं बियाचं मडकं भिंतीच्या कोनाड्यात ठेवून वरून लिंपून टाकलं होतं. वडिलांना सांगितलं, संपलं. शेजारीण लेकरू घेऊन ओंजळभर दाणे मागायला आली, तिलाही सांगितलं, संपलं. "तुज्या सासूनं बी दळलं आन शेजारच्या पोरांना घातलं. तू पत्रात लिवलं हुतंस. माजं बी वाचलं, म्हनून म्या काय मोठी झाले व्हय?" एवढं बोलून ती शेण थापायला लागली आणि मला म्हणाली, जा, भाकरी करपत असेल. करपत होतीच.

निघायच्या दिवशी सकाळी ओटी भरायची होती. सवाष्ण विहीण आली, तिला मोकळ्या पदरानं कोण पाठवतं? आईनं पाट मांडला, हळदीकुंकू लावलं, खण आणि नारळ ठेवला आणि सूप घेऊन आली. ओटी गव्हानं नाहीतर तांदळानं भरायची; सुपात गहू नव्हते. बाजरी होती. जुनी, गावरान, करड्या रंगाची, एकसारखी. राखेचा वास येत होता तिला, म्हणजे ती मडक्यातली होती.

आत्याबाईंनी ओळखलं. त्या क्षणभर आईकडं बघत राहिल्या. आई खाली सुपात बघत होती. ओटी मागायची नसते, ती भरायचीच असते. त्यामुळं कुणी लहान नाही, कुणी मोठं नाही. मला माझ्या आईच्या डोक्याचं इतकं कौतुक वाटलं की काय सांगू. तिनं ओंजळ भरली आणि आत्याबाईंच्या पदरात घातली. पाच वेळा घातली आणि सूप खाली ठेवलं.

ओटी भरून झाली की पदर आवळून घ्यायचा आणि वाकून नमस्कार करायचा. आत्याबाईंनी पदर आवळला नाही. तसाच दोन हातांनी पसरून धरून उभ्या राहिल्या. आईला वाटलं काही चुकलं, तिनं वर पाहिलं.

"इहीनबाई," आत्याबाई म्हणाल्या, "पाच वंजळींनी भागायचं न्हाई. आख्ख्या गावाचं बी बिघडलंय माज्या हातनं. मला बी द्या."

आवाज मोठा होता. पडवीत वडील परतले होते, शेजारची बाई दारात होती, सगळ्यांना ऐकू गेलं. आमच्या उंबऱ्यावर मी पाहिलेल्या सगळ्या मृगांत इतकं सरळ बी मागताना मी कुणालाच ऐकलं नव्हतं. आईनं सूप उचललं आणि सगळंच्या सगळं त्या पदरात उपडं केलं. मग स्टुलावर चढून आढ्याच्या जुड्या सोडवायला लागली आणि सोडवता सोडवता रडायला लागली. आत्याबाईंचेही डोळे भरले होते, पण दोन्ही हात पदरात अडकलेले, पुसणार कशानं? नाक ओढून म्हणाल्या, "रडता काय, जुडी पाडताल. गाडी चुकंल आमची."

गाडी चुकलीच. दुसऱ्या गाडीनं आलो. कंडक्टर म्हणाला, पोतं टपावर टाका; आत्याबाई म्हणाल्या, मग मलाही टाका. पोतं मांडीवर घेऊन बसल्या. नगर मागं पडल्यावर मला म्हणाल्या, तुझ्या आईचा हात मोठा आहे, तुझ्यात तो उतरला नाही. मी म्हटलं, चांगल्याच्या पोटी दर वेळी चांगलं येतंच असं नाही, आत्याबाई. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि त्या सालात पहिल्यांदाच खळखळून हसल्या.

मृग निघाला. सकाळी सडा घालून झाला आणि आत्याबाई मडकं घेऊन उंबऱ्यात बसल्या. मी आतल्या दाराला टेकून उभी. उन्हं ओसरीवर आली तरी कुणी नाही. मामंजी दोनदा बाहेर डोकावून आले, उगीच. आत्याबाईंनी लिंपण सोलून ठेवलं, हातानं राख चाळली, पुन्हा मडक्यात हात घातला.

मग सोन्याबापू आला. अंगणात थांबला, मडक्याकडं बघितलं. त्याच्या ओठावर काहीतरी आलं होतं, मला दिसत होतं. पण त्यानं बोलायच्या आधीच आत्याबाई बोलल्या, अख्ख्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात.

"ह्ये बी माजं न्हाई. माज्या इहिनीचं हाय, कर्जतचं. माजं बिघडलं. पायजे आसंल तर माग."

सोन्याबापूनं चपला काढल्या, पायरीपाशी आला आणि धोतराचा सोगा पसरला. "बी द्या, नानी," म्हणाला.